व्हिडिओ करत राहू की चित्रपटाकडे वळू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २६, मित्रांच्या बँडसाठी चार म्युझिक व्हिडिओ झालेत, त्यातला एक बऱ्यापैकी चालला आणि आता दोन गायक आपणहून विचारत आलेत. डोक्यात मात्र पहिल्यापासून चित्रपटच आहे. मग व्हिडिओत आणखी किती वर्षं घालवायची? आणि तिथून चित्रपटाचं दार खरंच उघडतं का?

मी दोन्ही केलंय. व्हिडिओ साठेक, चित्रपट दोन. त्यातला पहिला चित्रपट फसला, आणि तो का फसला हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला द्यायचं उत्तर बरंचसं त्या दोन वर्षांतलंच आहे.

दार उघडतं, याला पुरावे आहेत. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं तेव्हा पहिला व्हिडिओ लागला तो रसेल मुल्काहींचा. पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, त्यांचा तलवारबाजांवरचा मोठा चित्रपट पडद्यावर होता. स्पाइक जोन्झ यांचा पहिला चित्रपट १९९९ चा, जोनाथन ग्लेझर आणि तरसेम सिंग यांचे २००० चे, मिशेल गोंद्री यांचा २००१ चा. हे सगळे व्हिडिओतून आलेले. गोंद्रींची गोष्ट तर तुमच्या फारच जवळची आहे. ते स्वतः एका बँडमध्ये ड्रम वाजवत आणि आपल्याच बँडचे व्हिडिओ करत. ते ब्यर्क या आइसलंडच्या गायिकेनं पाहिले आणि १९९३ मध्ये आपल्या पहिल्या एकल गाण्याचा व्हिडिओ त्यांच्याकडे दिला. तेव्हा मित्रांच्या बँडचं काम म्हणजे हात साफ करायची जागा, असं समजू नका.

पण ही यादी वाचताना एक भान ठेवा. यादीत नावं येतात ती पलीकडे पोचलेल्यांची. त्याच वर्षांत तितकेच चांगले व्हिडिओ करून तिथेच राहिलेले, जाहिरातींकडे वळलेले किंवा काम सोडून दिलेले लोक कितीतरी आहेत आणि त्यांची यादी कुणी करत नाही. आणि दार उघडलं म्हणजे पलीकडे गालिचा अंथरलेला असतो, असंही नाही. डेव्हिड फिंचर यांच्यामागे पॉपमधल्या सर्वांत मोठ्या नावांचे व्हिडिओ होते. १९९२ साली त्यांना पहिला चित्रपट मिळाला, तो एका गाजलेल्या अंतराळ-भयपट मालिकेचा तिसरा भाग. स्टुडिओची ढवळाढवळ इतकी झाली की पुढे त्यांनी तो चित्रपट आपला मानायलाच नकार दिला. त्यानंतर ते परत व्हिडिओ आणि जाहिरातींकडे गेले आणि १९९५ मध्ये दुसऱ्या चित्रपटानं त्यांचं नाव झालं. मार्क रोमॅनेक यांची वाट तर उलटी आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एक छोटा चित्रपट, मग दीड दशक व्हिडिओ, आणि मग २००२ मध्ये पुढचा चित्रपट. तेव्हा ‘आधी व्हिडिओ, मग चित्रपट’ हा जिना आहे असं मानून चालू नका. या दोन शेजारच्या इमारती आहेत. मधे कधीकधी फळी टाकलेली असते, एवढंच.

आता मुद्द्याकडे येतो. व्हिडिओत वेळ उसना मिळतो. चित्रपटात तो स्वतः तयार करावा लागतो.

हे जरा उलगडून सांगतो. समजा, मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं आहे. एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात बारा फ्रेम. चार ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा. तीन मिनिटं वीस सेकंदांच्या गाण्यात असे बरोबर शंभर बार बसतात. तुम्ही कॅमेरा उचलायच्या आधीच कुणीतरी हे शंभर बार रचून ठेवलेत. ताण कुठे वाढतो, श्वास कुठे घ्यायचा, मुखडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा ढोल कुठून शिरतो, सगळं ठरलेलं आहे. तुमचा एखादा शॉट लंगडा निघाला तरी गाणं त्याला खांद्यावर घेऊन पुढे जातं. प्रेक्षकाला कंटाळा येऊ न देण्याचं निम्मं काम संगीतकारानं आधीच केलेलं असतं. आपल्याला मात्र वाटत राहतं की ते आपणच केलं.

माझ्या पहिल्या चित्रपटाचा पहिला कट दोन तास चाळीस मिनिटांचा होता. प्रत्येक फ्रेम देखणी होती. तो कुणालाही दाखवला की माणूस चाळिसाव्या मिनिटाला मोबाइल चाचपायचा. संकलक बाई वयानं आणि अनुभवानं मोठ्या होत्या. तीन दिवस गप्प बसून काम केलं आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, “प्रत्येक सीन तू मुखड्यासारखा शूट केलायस. अंतरा कुठाय?” मला राग आला होता. पण खरं तेच होतं. प्रत्येक दृश्य शिखरावर सुरू व्हायचं आणि शिखरावरच संपायचं, कारण वीस वर्षं मी शिखरंच शूट करत आलो होतो. चढण गाण्यात आयती मिळायची. ११० मिनिटांच्या चित्रपटात तीन मिनिटं वीस सेकंदांची तेहतीस गाणी मावतात. तेहतीस मुखडे सलग ऐकून पाहा, मग त्या प्रेक्षकाचा मोबाइल आठवेल.

म्हणून ‘किती वर्षं’ याचं उत्तर मी वर्षांत देत नाही. गाणं बंद केल्यावरही तुमचं दृश्य उभं राहायला लागलं की निघा.

याचा अर्थ व्हिडिओ काही शिकवत नाही असा नाही. उलट चित्रपट शाळांत जे शिकायला मिळत नाही ते इथे पदरात पडतं. पहिली गोष्ट म्हणजे दिवस. बहुतेक व्हिडिओंना एक दिवस मिळतो, फार तर दोन. दहा-बारा तासांत वीस-पंचवीस सेटअप, म्हणजे कॅमेऱ्याच्या आणि दिव्यांच्या नव्या मांडण्या, उरकायचे असतात. अकराव्या तासाला प्रकाश जातो, गायिका दमलेली असते, निर्माता घड्याळ दाखवतो आणि तुमच्या यादीत सात शॉट बाकी असतात. त्यातले कुठले तीन घ्यायचे, हे त्या क्षणी ठरवता येणं म्हणजे दिग्दर्शन, असं मी बेधडक म्हणतो. बाकी सगळं शांत खोलीत बसून करता येतं. चित्रपटाच्या सेटवर पहिल्यांदा गेलो तेव्हा अभिनयाबद्दल मला फारसं कळत नव्हतं. पण दिवस हातातून निसटत नव्हता, आणि निर्मात्यानं मला पहिल्या आठवड्यात काढून टाकलं नाही ते बहुधा त्यामुळेच.

दुसरी गोष्ट म्हणजे तंत्राशी झटापट. प्लेबॅकचंच घ्या, म्हणजे सेटवर गाणं वाजवून गायकानं त्यावर ओठ हलवायचे. गायकाला संथ गतीत दाखवायचंय, पण ओठ गाण्याबरोबर हवेत. मग कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेमवर लावायचा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. गायक दुप्पट वेगानं ओठ हलवतो. तेच २४ फ्रेमच्या गतीनं पाहिलं की ओठ गाण्यावर बसतात आणि केस, पाणी, कपडे मात्र तरंगत असतात. दुप्पट वेगाची फाइल आधीच बनवून घ्या, आणि सूर न चढवता बनवा. नाहीतर खारूताईच्या आवाजातलं आपलं गाणं ऐकून गायक पहिले चार टेक हसण्यात घालवतो. १२० फ्रेमवर जायचं तर गाणं पाचपट वेगानं वाजवावं लागेल, तिथे ओठांचा नाद सोडा. तो वेग पाण्याच्या शिंतोड्यासाठी ठेवा. उलट्या गतीचा खेळ तर याहून कठीण. २००२ मध्ये कोल्डप्ले बँडचा गायक ख्रिस मार्टिन यानं एका व्हिडिओसाठी अख्खं गाणं उलट्या उच्चारात पाठ केलं, त्यात त्याचा महिनाभर गेला. पडद्यावर सगळी घटना मागे मागे जाते आणि ओठ मात्र सरळ गातात. अशी गोष्ट दिग्दर्शकाच्या डोक्यात येते ती कॅमेऱ्याचा आणि वेळेचा हिशेब बोटांवर असल्यामुळेच.

तिसरी गोष्ट म्हणजे एकाच कल्पनेवर उभं राहणं. ग्लेझर यांच्या १९९६ च्या एका प्रसिद्ध व्हिडिओत खोलीची जमीन आपोआप सरकते आणि त्यावर गायक नाचतो, असं वाटतं. प्रत्यक्षात जमीन जागची हललेली नाही. भिंती सरकवल्यात आणि कॅमेरा भिंतीबरोबर सरकतोय. युक्ती एकच, पण ती पूर्ण गाणंभर पेलली. १९९७ मध्ये गोंद्रींनी एका इलेक्ट्रॉनिक गाण्यासाठी नर्तकांचे गट केले आणि प्रत्येक गट एकेका वाद्याला बांधला. बेस वाजला की एक गट हलतो, गिटार वाजली की दुसरा. गाणं डोळ्यांनी ऐकायला मिळतं. नवख्या दिग्दर्शकाच्या व्हिडिओत याच्या उलट होतं: पाऊस, आरसे, ड्रोन, आग, मध्येच एक मुलगी धावतेय. तीन मिनिटांत नऊ कल्पना आणि एकही पुरती नाही. (ड्रोनबद्दल मला बरंच बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.)

आता व्हिडिओ जे शिकवत नाही त्याकडे. संवाद. शांतता. आणि नट.

गायक कॅमेऱ्याकडे बघून गातो, ती त्याची स्वतःची भूमिका असते आणि ती त्याला पाठ असते. तुम्ही म्हणता “जरा रागात”, तो रागात गातो, काम होतं. नटाला “जरा रागात” म्हटलंत की तो विनयानं मान हलवतो आणि मनातून तुम्हाला खोडून टाकतो. त्याला राग नको असतो, रागामागचं कारण हवं असतं. समोरच्याकडून त्याला काय पाहिजे आहे, ते मिळालं नाही तर काय होईल, आणि तो ते मागायचं का टाळतोय. ही भाषा मी चाळिशी ओलांडल्यावर, एका नाट्य कार्यशाळेत मागच्या बाकावर बसून शिकलो. लाज वाटली, पण आधीच जायला हवं होतं. तुम्ही २६ चे आहात. आजच जा. स्वतः उभं राहून दोन प्रवेश करा आणि वाईट करा. दिग्दर्शकाचं एक वाक्य नटाच्या अंगावर कसं पडतं ते तेव्हाच कळतं.

कंटिन्यूटीचं, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना सगळं जुळतं राहण्याचंही तेच. व्हिडिओत नायिकेचा पोशाख दर बारला बदलला तरी ती शैली ठरते. चित्रपटात पहिल्या दिवशी शूट केलेलं दार आणि एकतिसाव्या दिवशी शूट केलेली दाराच्या आतली खोली सलग दिसायची असते. नुसतं दार नव्हे, माणसाची मनःस्थितीही. एकतिसाव्या दिवशी नट विचारतो, “आत्ता मी नुकतीच कुठली बातमी ऐकून आलोय?” तेव्हा उत्तर तुमच्या तोंडात तयार पाहिजे. माझ्या तोंडात नव्हतं. मी संहिता चाळायला लागलो आणि युनिट माझ्याकडे बघत राहिलं.

पैशाचं सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. व्हिडिओ दिग्दर्शकाचं मानधन बऱ्याच ठिकाणी एकूण बजेटच्या टक्केवारीत ठरतं. सुमारे दहा टक्के हा या धंद्यातला जुना ठोकताळा. गोम अशी की बजेट कमी पडलं की पहिला कात्रीत सापडतो तो दिग्दर्शक, आणि कात्री बहुतेकदा तो स्वतःच चालवतो: “माझे राहू देत, पण क्रेन हवी.” मी हे इतक्यांदा केलंय की सल्ला द्यायचा मला अधिकार नाही, तरी देतो. एकदा करा, दोनदा करा, तिसऱ्यांदा क्रेनशिवाय शॉट विचारात घ्या. शिवाय काम मिळण्याआधीचं काम फुकट असतं. एका गाण्यासाठी कंपनी तीन-चार दिग्दर्शकांना विचारते, प्रत्येकजण आठवडाभर राबून ट्रीटमेंट, म्हणजे व्हिडिओ कसा असेल याचं टिपण, लिहितो आणि एकाला काम मिळतं. व्हिडिओचे हक्क बहुतेक करारांत गाण्याच्या कंपनीकडे जातात आणि तो कितीही पाहिला गेला तरी दिग्दर्शकाला पुढे काही मिळत नाही. निदान आपल्या शोरीलमध्ये, म्हणजे निवडक कामाच्या नमुन्यात, तो वापरायची परवानगी आणि नावाचा उल्लेख, या दोन ओळी करारात लिहून घ्या. नावाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण एमटीव्हीवर गाण्याच्या पट्टीत दिग्दर्शकाचं नाव दिसायला १९९२ उजाडावं लागलं. तोवर अकरा वर्षं लोक व्हिडिओ पाहत होते आणि ते कुणी केले हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

ट्रीटमेंटबद्दल एकच. पहिल्या दोन वाक्यांत पडद्यावर काय दिसतं ते लिहा. ‘हा व्हिडिओ एकाकीपणाचा शोध घेतो’ असं नको. ‘एक बाई रिकाम्या पोहण्याच्या तलावात तळाशी खुर्ची टाकून बसलीय आणि गाणंभर तलाव भरत जातो’ असं हवं. वाचणारा माणूस दिवसाला दहा ट्रीटमेंट वाचतो. त्याला चित्र दिसलं तर तो पुढचं पान उलटतो. आणि दुसऱ्यांच्या कामातले फोटो रेफरन्स म्हणून भरमसाट चिकटवू नका. कंपनीला तो फोटोच आवडून बसतो, आणि मग तुम्हाला तुमचा व्हिडिओ सोडून तो फोटो शूट करावा लागतो. हे पत्करायची सवय लागली की पुढे चित्रपटात अवघड जातं.

मग आता करायचं काय? व्हिडिओ सोडू नका, पण प्रत्येक व्हिडिओकडून चित्रपटाचं काहीतरी वसूल करा. एखाद्यात गाणं सुरू होण्याआधी मिनिटभराचं संवादाचं दृश्य घाला, कंपनीनं पुढे ते कापलं तरी चालेल, तुमचं काम झालेलं असतं. एखादा एकाच खोलीत करा. एखाद्यात कॅमेऱ्याकडे बघून कुणीही गाणार नाही असं ठरवा. आणि संकलनाच्या टेबलावर एक खेळ करून बघा: कट तयार झाला की आवाज बंद करून पूर्ण पाहा. कुठे नजर सुटते तिथे खूण करा. आवाज असताना ती जागा तुम्हाला कधीच सापडणार नाही, कारण गाणं तुमचीही फसवणूक करतं.

याच्या जोडीला वर्षभरात दहा-बारा मिनिटांचा एक लघुपट करा आणि त्यात पार्श्वसंगीताचा एकही सूर ठेवू नका. दोन माणसं, एक टेबल, एकाला दुसऱ्यापासून काहीतरी लपवायचंय. दिसायला साधा, करायला महाकठीण. तुमचा हात सारखा संगीताकडे जाईल. निर्मात्यांना आपल्या व्हिडिओंची रील कितीदा दाखवावी, असा प्रश्न तुम्हाला पुढे पडेलच. माझा अनुभव असा की रील पाहून ते म्हणतात “छान दिसतंय”, आणि लघुपट पाहून म्हणतात “संहिता आहे का?” संहिता असलीच पाहिजे, हे ओघानं आलं. दुसऱ्याच्या चित्रपटावर एकदा तरी सहायक म्हणून चाळीस दिवस काढा. दिग्दर्शकाचं पंचविसाव्या दिवशीचं तोंड जवळून बघण्यासारखं असतं.

राहता राहिले ते दोन गायक. दोघांनाही हो म्हणण्याइतका वेळ बहुधा नसेल. ज्याचं गाणं जास्त गाजेल असं वाटतं त्यापेक्षा ज्याच्या गाण्यात मधे मोकळी जागा आहे, नुसतं वाद्य वाजतं, गळा गप्प असतो, ते घ्या. त्या मोकळ्या पंचवीस सेकंदांत काय घडवायचं हे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि तेच तुम्हाला शिकायचंय.

आणि हो, शूटची तारीख द्यायच्या आधी गाण्याचं शेवटचं मिक्स, म्हणजे प्रसिद्ध होणारं पक्कं ध्वनिमुद्रण, मागा. डेमोवर शूट करू नका. एका कंपनीनं मला ‘हेच फायनल’ म्हणून फाइल पाठवली होती. शूट झालं, दहा दिवसांनी खरं गाणं आलं. त्यात दुसऱ्या अंतऱ्याचे चार बार कापलेले आणि वेग मिनिटाला तीन ठोक्यांनी वाढवलेला. गायिकेचे ओठ सगळीकडे किंचित मागे पडत होते. तिचे जवळचे शॉट एकूण एक काढून टाकावे लागले, आणि व्हिडिओभर ती पाठमोरी, खिडकीबाहेर बघताना किंवा सावलीत दिसते. समीक्षकांना तो धाडसी निर्णय वाटला. मी अजून कुणाला दुरुस्त केलेलं नाही.